सोळा कोअरचा हट्ट

"पाच प्रोसेसर पायजेत भाऊ. सोळा कोअरवाले. आजच्या आज."

संगीताताई आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावहून भर मे महिन्यात दुपारच्या एसटीनं वाशिमला आल्या होत्या. पदरानं तोंड पुसायच्या आधी त्यांनी ही ऑर्डर माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानातल्या काउंटरवर टाकली. दुसरा दुकानदार असता तर त्यांना आधी थंड पाजलं असतं. मी मात्र तापलो.

"कायले पायजेत? मीच बनवून देल्ले ना तुमाले पाची मशीन? एक वर्ष नाई झालं!"

"थेच तं अटकून राह्यले न भाऊ! पोट्टे गेम चालू करतात, जरा वेळ बरा चालते, अन् मंग असा अटकते का पोट्टे शिव्या देऊन उठून जातात. म्हनतात, काकू, तुमच्या मशीनमंदी कोअर कमी हायेत. सोळावाला घ्या."

आता हे संगीताताई प्रकरण काय, ते सांगतो. ताई मूळच्या शिवणकामवाल्या. मालेगावात त्यांच्या हातचं ब्लाउज घालून लग्नाला न गेलेली बाई शोधावी लागेल. त्यांचे मिस्टर एसटीत ड्रायव्हर. सासऱ्यांनी दोन्ही मुलांसाठी म्हणून रोडवर एक गाळा घेऊन ठेवला होता. त्या गाळ्यात आधी ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर चालायचं. फॉर्म मोबाईलवर भरता यायला लागले तशी तिथली गर्दी आटली. तेव्हा ताईंनी हिंमत करून गेमिंग पार्लर टाकलं. म्हणजे मुलांनी यायचं, तासाचे पैसे द्यायचे, मोठ्या स्क्रीनवर गेम खेळायचा. माझ्या ओळखीतलं एका बाईनं चालवलेलं हे पहिलंच पार्लर, आणि मला त्याचा अभिमान होता.

त्यांच्या दिराला, गजाननला, त्याच गाळ्यात बियाण्याचं दुकान टाकायचं होतं. तोही काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सरळ सांगितलं होतं, "वैनी, मिरगापर्यंत पाहा. गाळ्यानं स्वतःचा खर्च काढला तं राहू द्या तुमचं. नाई तं मले मोकळा करून द्या."

मृग तोंडावर आलेला. कॉलेजला सुट्ट्या, म्हणजे पार्लरचा खरा सीझन, आणि नेमकी याच वेळी मशीन अटकायला लागली.

"पैसे कुठून आनसान?" मी विचारलं.

ताईंनी गळ्याला हात लावला. "पोत मोडतो. दुसरं काय."

माझं डोकंच सणकलं. त्यांच्यावर नाही, त्या सोळा कोअरवर. सोळा कोअरचा प्रोसेसर विकला असता तर माझाच फायदा होता. पण जे घेऊन उपयोग नाही ते विकायचं आणि वर बाईची पोत मोडायला लावायची, एवढा काही मी गेलेला नाही.

"ताई, ब्लाउज शिवाले तुमी आठ बाया बसवल्या तं एक ब्लाउज आठपट लवकर होईन काय?"

"कसा होईन? कटिंग तं एकीनंच करा लागते. बाकीच्या हात बांधून बसतीन."

"मंग झालं तं!"

कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतले काम करणारे हात, असं समजा. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला जास्त हात लागतात, कारण त्याचं काम वाटून देता येतं. गेमचं तसं नसतं. बहुतेक गेममध्ये मुख्य काम एकाच हातावर असतं, आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात. म्हणून गेमसाठी हात किती यापेक्षा एकेक हात किती चपळ आहे ते बघायचं. ताईंच्या मशीनमध्ये मी सहा कोअरचे प्रोसेसर टाकले होते आणि उरलेला पैसा ग्राफिक कार्डात घातला होता. स्क्रीनवर चित्र काढायचं काम ते कार्ड करतं. एवढ्यात गेम मस्त चालायला पाहिजे.

"मंग अटकते काहून?" ताईंनी विचारलं.

मी ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर काढून बॅगेत टाकला. "उद्या सकाळी येतो," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून निघालो. पोचलो तर गाळा लख्ख झाडलेला, फरशी पुसलेली, पाची मशीन उघडी करून रांगेत मांडलेली. ताईंनी पोहे केले होते. मी पाची मशीनवर गेम लावला आणि टास्क मॅनेजर उघडला. कोणता कोअर किती काम करतोय ते त्यात दिसतं. मी म्हटलं होतं तसंच. एक कोअर राबत होता, दुसरा त्याच्या मदतीला, बाकीचे आरामात. तापमान ठीक, वेग ठीक. पोहे संपले, चहा झाला, गेम काही अटकेना.

"पोट्ट्याइचे चोचले हायेत हे," मी जाहीर केलं. "काई घ्यायचं नाई नवं."

दोन दिवसांनी फोन. पुन्हा अटकलं. मागून गजाननचा आवाज आला, "वैनी, त्या भाऊले म्हना, आता माह्या बियाण्याच्या रॅकचं माप घ्यालेच या."

मला तो टोमणा बरोबर लागला. पुन्हा कळवून गेलो. या वेळी सगळी मशीन खोलली, धूळ ब्लोअरनं उडवली. प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याच्या मध्ये उष्णता खेचून घ्यायला एक पेस्ट लावतात, ती बदलली. गाळ्यातला हवेचा कूलर त्याच लाईनवर होता म्हणून व्होल्टेजचा संशय आला, तेही मोजलं. मग गेम लावून बसलो. पुन्हा सगळं गुण्यागोविंदानं!

"तुमी आले का बरोबर चालते बाप्पा," ताई म्हणाल्या. "तुमाले भेते का काय?"

त्या हसल्या, पण डोळ्यांत पाणी होतं. जाताना म्हणाल्या, "भाऊ, देऊनच टाका न थे सोळावाले. माहा जीव तुटून राह्यला. पोट्ट्याइले निदान वाटन तरी का नवी मशीन आली."

खरं सांगतो, त्या क्षणी मी डगमगलो. इतकी वर्षं या धंद्यात घालवून एका साध्या बिघाडासमोर हात टेकले होते. घरी गेलो आणि बायकोवर उगाच खेकसलो. ती म्हणाली, "मशीनचा राग मशीनवर काढा." प्रोसेसरच्या डीलरला भाव विचारायला मी फोनही उचलला होता, तेवढ्यात मालेगावपलीकडच्या शिरपूरहून एका कामाचा कॉल आला आणि ते राहून गेलं.

शिरपूरचं काम लवकर उरकलं. दुपार, गरम वारा, तोंडाला कोरड. परतताना वाटेत मालेगाव. म्हटलं, ताईंकडे घोटभर पाणी पिऊ. फोनबिन काही केला नाही.

आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबलो.

पाची कॅबिनेट, म्हणजे मशीनचे डबे, जांभळ्या मखमलीच्या खोळी घालून बसली होती! कडेला सोनेरी लेस, खाली झालर, बटणापुरती आणि वायरीपुरती नीट शिवलेली खिडकी. लग्नात करवल्या बसाव्यात तशी पाची जणी रांगेत. समोर मुलं गेम खेळत होती आणि वैतागून माऊस आपटत होती. गजानन टेप घेऊन भिंत मोजत होता.

मी एका खोळीवर हात ठेवला. तापलेला तवा!

"ताई! हे काय हाये?"

"खोळी," ताई म्हणाल्या. त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "रोडचं काम चालू झालं न समोर. किती धूळ येते! म्हून शिवल्या मागच्या महिन्यात."

"मंग मी दोनदा आलो तवा कुठी होत्या?"

"तुमी येनार म्हून धुवाले काढल्या न! आता पाव्हन्यासमोर काय मळक्या खोळी ठेवू?"

मी कपाळावर हात मारला आणि मग जो हसत सुटलो, की मुलं गेम सोडून माझ्याकडे बघायला लागली. अहो, टीव्हीला खोळ, मिक्सरला खोळ, फ्रीजच्या डोक्यावर झालर. आमच्या भागात नवी वस्तू घरात आली की तिला आधी कपडे शिवतात. आणि ही तर हाताला कला असलेली बाई. तिनं मशीनवर जीव लावला आणि मशीनचा श्वास कोंडला.

झालं होतं ते साधं. प्रोसेसर खूप तापला की स्वतः जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. याला आम्ही थ्रॉटलिंग म्हणतो. आमच्याकडचा मे महिना, त्यावर मखमल, आतली गरम हवा जाणार कुठं? वेग पडला की गेम अटकला. मुलांना वाटलं कोअर कमी. आणि मी सोळा कोअरवाले बसवले असते तर काय झालं असतं? ते आणखी तापले असते आणि पोत फुकट गेली असती.

मी चालू गेममध्येच पाची खोळी ओढून काढल्या. थोडा वेळ गेला. कोपऱ्यातला एक जण ओरडला, "अबे, सुटला! गेम सुटला!"

ताई खाली स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. "मीच केलं वं माय हे. मीच माह्या हातानं."

"रडू नका ताई," मी म्हणालो. "मशीन वाचवाले गेल्या तुमी. कपडा चुकला फक्त."

कपडा चुकला म्हटल्याबरोबर त्या बाईतली शिंपीण जागी झाली. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मंग कोनता पायजे?" धूळ अडली पाहिजे आणि हवा खेळली पाहिजे, मी सांगितलं. त्यांनी मच्छरदाणीचं कापड आणलं, कॅबिनेटच्या हवेच्या जागांचं माप घेतलं आणि कडेला बारीक चुंबकाची पट्टी शिवून जाळ्या बनवल्या. काढायच्या, झटकायच्या, लावायच्या. मखमलीच्या झाल्या खुर्च्यांच्या गाद्या. मुलं म्हणतात, असली खुर्ची अकोल्यातही नाही.

सुट्ट्या संपेपर्यंत पार्लरमध्ये नंबर लावून खेळायची पाळी आली. मृगाच्या आधी गजानननं स्वतःच टेप गुंडाळून ठेवला. त्यानं बियाण्याचं दुकान समोरच्या गाळ्यात टाकलं. शेतकरी बियाणं घेतात तोवर त्यांची पोरं ताईंकडे बसतात. "वैनीमुळं माहं गिऱ्हाईक घाई करत नाई," असं तो आता सगळ्यांना सांगतो. ताईंची पोत गळ्यातच आहे. माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मशीनला त्यांच्या हातची जाळी असते.

हल्ली दुकानात कोणी "कोअर किती?" विचारलं, तर मी उलट विचारतो, "मशीन ठेवणार कुठं, आणि तिला पांघरूण घालणार का?" लोकांना वाटतं, म्हातारा चळला.

आणि एक सवय लावून घेतली. तक्रार आली की कळवून जायचं नाही. आपण येतोय म्हटलं की माणसं घर आवरतात, आणि त्या आवराआवरीत बिघाडही उचलून ठेवतात.

परवा असाच न सांगता ताईंकडे धडकलो. त्या केवढ्या तरी रागावल्या.

"एक फोन करून येत जा न भाऊ! किती पसारा पडला हाये इथं!"

"राहू द्या ताई," मी म्हणालो. "पसाराच पाहाले आलो."