आत्ता गेला तो शनिवारवाडा

पुणं पाहिलेली माणसं या जगात लाखांनी असतील. पण पुणं फक्त मागं पडतानाच पाहिलेला माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. माझ्या बायकोचे हे थोरले मामा दौंडला रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. गार्ड शेवटच्या डब्यात बसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या डब्यात तीस वर्षं बसल्यावर माणसाचं काय होतं, ते फक्त आमच्या घराण्याला ठाऊक आहे. इंजिनातल्या माणसाला गाव येताना दिसतं, मामांना ते गेल्यावर दिसायचं. त्यामुळं येणाऱ्या गोष्टीवर त्यांचा मुळी विश्वासच नव्हता. लग्नात नवरदेव मांडवाच्या दारात आला की सगळे पुढं धावायचे; मामा शेवटच्या वऱ्हाड्याच्या मागं उभे राहून, कुणी मागं राहिलं नाही ना, ते बघायचे. जेवण कसं झालंय असं पंगतीत विचारलं तर उत्तर मिळायचं नाही. हात धुऊन झाल्यावर, पान खाताना ते अचानक म्हणायचे, "आमटी ब्येस हुती बरं का."

त्यांच्या घरात भिंतीवर रेल्वेचं एक जुनं वेळापत्रक टांगलेलं असे. त्यातल्या निम्म्या गाड्या बंद झाल्या होत्या, उरलेल्यांच्या वेळा बदलल्या होत्या, तरी मामांचा दिवस त्यावरच चाले. मी शिरूरहून न्हावऱ्यात एसटी बदलून घामाघूम होऊन दारात उभा राहिलो की स्वागत ठरलेलं, "जय भीम, जावईबापू. पंधरा मिन्टं लेट हाय तुमी." दाराच्या कोपऱ्यात छत्री ठेवावी तशा दोन झेंड्या ठेवलेल्या असत, एक लाल, एक हिरवी. माझं आणि बायकोचं तिथं भांडण जुंपलं की मामा काही न बोलता लाल झेंडी काढायचे. भाची थांबायची. मी थांबायचो नाही, कारण जावयाला सिग्नल कळत नाहीत, असं मामांचं मत होतं आणि ते त्यांनी माझ्या वडिलांनाही कळवलं होतं.

या घरात एकच गोष्ट खरोखर लेट होती, ती म्हणजे मामींचं पुणं. लग्न झाल्या वर्षी मामांनी मामींना शब्द दिला होता, "तुला पुणं मी दावणार. अर्धा दिवस काढू, आन् समदं पुणं दावीन." त्यानंतर तीस वर्षं मामा आठवड्यातून तीनदा पुण्यातून गेले आणि एकदाही तिथं उतरले नाहीत. मालगाडी पुण्यात थांबलीच तर यार्डात थांबायची, आणि झोपायचं तर लोणावळ्याला, गार्ड-ड्रायव्हरांच्या रनिंग रूममध्ये. दौंडचा माणूस साध्या चपलांसाठीसुद्धा पुण्याला जातो. पण मामींना कुणी पुण्याला चला म्हटलं की त्या पदर सावरून म्हणायच्या, "हे दावतील तवाच बघीन." हे वाक्य मामा पाहुण्यांसमोर मुद्दाम काढून घ्यायचे. सत्यवानालाही सावित्रीचा इतका अभिमान नसेल. मात्र पाहुणे गेले की ते वेळापत्रकाकडं तोंड करून बसायचे, कारण शब्द अजून बाकी असायचा.

मामा निवृत्त झाले तेव्हा मी रांजणगावच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात होतो. घरी बसून करमत नव्हतं म्हणून मामांनी माझ्या मागं लकडा लावला, "जावईबापू, कुठं गार्डाची ड्युटी असली तर बघा." कारखान्यात गार्ड म्हणजे गेटवरचा वॉचमन, पण मामांना हे समजावण्याची माझी हिंमत नव्हती. अशात एका शनिवारी मॅनेजरसाहेबांचा निरोप आमच्या टाइमकीपरनं फोनवर घेतला आणि माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'उद्या रविवार. गार्ड पाहिजे. हाफ डे. सकाळी आठ.' मला वाटलं, गेटवर माणूस कमी पडला असेल. मी लगेच दौंडला फोन केला. साहेबांना खरं तर हवा होता गाईड. कोरियाहून मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरला अर्धा दिवस पुणं दाखवून आणायचं होतं, हे मला रविवारी फाट्यावर पोचल्यावर कळलं.

रविवारी सकाळी आठ वाजता कारेगावच्या फाट्यावर सुमो उभी, सुमोत कोरियन पाहुणा कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, आणि समोरून मामा आले ते पांढऱ्या गणवेशात. गळ्यात शिट्टी, काखेत दोन झेंड्या, हातात रेल्वेचा पत्र्याचा डबा. मी कपाळाला हात लावला. माझी नोकरी तेव्हा अजून पक्की झालेली नव्हती. "मामा, अहो, गार्ड नाही, गाईड पाहिजे!" मी कुजबुजलो. मामांनी माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. "फरक काय त्यात? गाडीत मानसं घालायची, न्यायची, तितकीच माघारी आनायची. चला." असं म्हणून ते मागचं दार उघडून शेवटच्या बाकावर चढले, मागच्या काचेकडं तोंड करून बसले आणि त्यांनी शिट्टी फुंकली. न्हावऱ्याचा ड्रायव्हर इतका दचकला की त्यानं गाडी तिसऱ्या गिअरमध्येच उचलली.

एरवी मी देवाचं नाव घेत नाही, तेही त्या दिवशी घेतलं. पण दुपारी सुमो परत आली तेव्हा कोरियन पाहुणा हिरवी झेंडी हातात घेऊन हसत उतरला. दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांना सांगितलं की असा गाईड त्यानं जगात कुठं पाहिला नाही. हे शब्दशः खरं होतं. त्यानंतर कारखान्यात जो कुणी परदेशी येई, त्याला रविवारी हाच गाईड लागे, आणि माझी नोकरीही त्या धक्क्यात पक्की झाली.

मामांच्या या सफरीची रीत त्यांची स्वतःची होती. सुमोच्या मागं त्यांनी 'एल.व्ही.' अशी पाटी लावली होती. लास्ट व्हेईकल. ती दिसली नाही तर गाडीचे डबे मागं सुटले असं समजतात, हे ते नगर रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही उतरून सांगत. बाकीचे गाईड म्हणतात, "आता डावीकडं येईल." मामांना येणारं काही दिसतच नसे. वास्तू नीट मागं पडली, काचेत मावेल एवढी झाली, की ते जाहीर करत, "आत्ता गेला तो आगाखान पॅलेस." पाहुणे घाईघाईनं माना वळवत. मध्ये एखादा जर्मन असे, तो वहीत लिहून घेई. "आत्ता गेला तो शनिवारवाडा," मामा म्हणत आणि किंचित थांबून जोडत, "पेशव्यांचा. तेबी गेले." पाहुण्यांना यातलं काही कळत नसे. ड्रायव्हर मात्र दर रविवारी तितक्याच जोरानं हसे. गाडी थांबवून, खाली उतरून, टोपी काढून मामा एकच ठिकाण समोरून दाखवत, ते म्हणजे फुलेवाडा. तिथं शिट्टी खिशात जाई. बाकी सगळं पुणं त्यांनी चालत्या गाडीतून उरकलं.

आणि हाफ डे म्हणजे हाफ डे. एक वाजला की शिट्टी, मग पाहुणा कुठंही असो. एकदा दोन जपानी हट्टानं गाडीतून उतरून पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर पोचले होते. देऊळ वर दिसत होतं. शिट्टी झाली, खालून लाल झेंडी हलली, आणि ते बिचारे शिस्तीची जात, तिथूनच खाली वळले. मी मामांना याचा जाब विचारला. ते म्हणाले, "हाफ डेमदी हाफ पर्वती. हिशेब बरुबर हाय की."

अशी पाच-सात वर्षं गेली. निम्म्या जगाला मामांनी पुणं दाखवलं, मामी मात्र दौंडातच. दर वेळी काहीतरी निघायचं. सुरुवातीला सुमोत जागा नसायची, मग पाऊस, मग रविवारी बुद्धविहारात कार्यक्रम. एकदा मी जरा जोरातच विचारलं तेव्हा त्यांनी खरं काय ते सांगितलं. "जावईबापू, पावण्यांला काय, चुकीचं दावलं तरी कळत न्हाई. हिनं माझ्या शब्दावर आख्खी जिंदगी पुणं बघितलं न्हाई. आन् मला तरी कुठं येतंय पुणं? मला निस्तं मागनं ठावं हाय." एवढं बोलून त्यांनी चष्मा पुसायला काढला. मला या माणसाचा राग यायचा तिथून बंद झाला.

शेवटी निकाल लावला मामांच्या मानेनं. आयुष्यभर उलटं बघितल्याचा तो दंड असावा. दौंडच्या डॉक्टरांनी त्यांच्या गळ्याला पट्टा बांधला आणि बजावलं की आता गाडीतले धक्के बंद, आणि मागं वळून बघायचं नाही. "मग बघायचं कुठं?" मामांनी विचारलं म्हणे. एक शेवटची फेरी तेवढी त्यांनी मागून घेतली, आणि ती मामींची होती.

त्या रविवारी पाहुणा नव्हता. पुढं ड्रायव्हर आणि मी, मागच्या बाकावर काचेकडं तोंड करून मामा आणि मामी. मामींनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मामांच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यावर शिट्टी. आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. "आत्ता गेला तो आगाखान पॅलेस," ते जपून म्हणाले. "अगं बाई, केवढा!" मामी म्हणाल्या. शनिवारवाड्याला त्यांनी गालाला हात लावला. फुलेवाड्यात दोघं बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मामांचा चेहरा हळूहळू फुलत गेला, आवाज चढला, आणि मला वाटलं, जमलं बुवा.

मंडईपाशी आमचा ड्रायव्हर एका गल्लीत वळू लागला, तोच मागून मामींचा आवाज आला, "ए, हितनं न्हाई, म्होरच्या बोळातनं घे. हितं वन-वे झालाय."

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. "म्हंजी... पाटी वाचली," मामी म्हणाल्या. तिथं पाटी नव्हती, आणि असती तरी मागं तोंड करून बसलेल्या बाईला ती दिसली नसती. तुळशीबागेत आम्ही उतरलो, तर बांगड्यांच्या दुकानातली बाई मामींना बघताच डबा उघडत म्हणाली, "या मावशी, किती दिवसांनी! माप सव्वादोनच ना?" मी धसकून मामांकडं पाहिलं. गळ्यातल्या पट्ट्यामुळं त्यांना मान वळवता येत नव्हती, ते समोरच्या स्टीलच्या दुकानातल्या पातेल्यांकडं बघत उभे होते. मनात म्हटलं, पस्तीस वर्षांचा शब्द या बांगडीवालीनं एका वाक्यात मोडला. मामांनी खिशातलं घड्याळ काढलं. बारा वीस झाले होते. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, मग पुन्हा खाली सोडली. "घे की सावकाश," ते मामींना म्हणाले, "आज हाफ डे न्हाई."

परतताना सणसवाडीला चहासाठी थांबलो. कंपन्यांच्या सुट्टीमुळं तिथं बिहारी पोरांची गर्दी होती. मामी गाडीतच बसल्या. मी चाचरत म्हटलं, "मामा, ती दुकानदार बाई कुणाशी तरी घोळ करत असणार."

"घोळ न्हाई," मामा बशीत चहा ओतत म्हणाले. "लई वर्सं झाली. माझी गाडी पुणे स्टेशनातनं न थांबता थ्रू चालली हुती. फलाट मागं पडला आन् मंग दिसलं. क्वार्टरमधल्या चार बाया, हातात पिशव्या, आन् मधी ही. म्हंजी मी लोणावळ्याला गेलो की ही सकाळच्या पॅसेंजरनं पुण्यात, आन् संध्याकाळी घरात. गप बसलो."

"का पण?"

"चारचौघांत माझा मान ऱ्हावा म्हनून ती न बघितल्यासारखं करती. मी कशाला बोलून मोडू?" त्यांनी चहा संपवला. "आज बघितलं न्हवं, वाड्याला कसा गालाला हात लावला? झ्याक केलं."

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. मामी दौंडच्या त्याच घरात असतात. मागच्या खेपेला न राहवून मी त्यांना फलाटावरची ती गोष्ट सांगितली. वाटलं, त्या चपापतील. त्या लसूण सोलत होत्या, तशाच सोलत राहिल्या.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "मीबी बघितलं हुतं त्यांस्नी, शेवटच्या डब्यात. म्हटलं, आता लाल दावत्यात. तर हिरवी दावली. टेसन मास्तराला दावत असतील कदाचित, पन मी माझी म्हनून घेतली. हिरवी दावल्यावर कशाला थांबायचं?"

मी म्हटलं, "मामी, सुमो आणतो. चला एकदा पुण्याला, तुळशीबागेत जाऊ."

त्यांनी कोपऱ्यातल्या झेंड्यांकडं पाहिलं. दोन्ही धुऊन, घडी घालून काठीला बांधल्या होत्या.

"नको बाबा," त्या म्हणाल्या. "आता चोरून जायाला घरात कोन हाय? उघड जाऊन काय बघायचं तितं?"