पाव सूत

आमचा दिवा उभा राहत नव्हता आणि माझा आवाज चढला होता. मी तशी फटकळच. शहाद्यात कापसाचं जुनं गोडाऊन घेऊन त्यात लाकूड कापायचं लेझर मशीन बसवलं, तेव्हा आमच्या भाऊबंदांनी कपाळाला हात लावला होता. घरची केळी, घरचा ऊस, आणि पोरीला हे कुठलं खूळ! म्हटलं, बघाच तुम्ही.

त्या आठवड्यात मात्र बघण्यासारखं काही नव्हतं. धडगावच्या अभ्यासिकेला टेबलावर ठेवायचे पंचवीस लाकडी दिवे हवे होते. तिथले निवृत्त गुरुजी शनिवारी नमुना बघायला येणार होते. आज गुरुवार होता.

आम्ही तिघं होतो. चित्र कॉम्प्युटरवर मी काढायचे. मशीन चालवणारी बाई धडगावच्याही पलीकडची, माझ्याच वयाची, पोरांच्या शाळेसाठी शहाद्यात राहायला आलेली. तिच्या घरी पावरी बोलतात, मराठी ती शाळेत शिकली. म्हणून तिची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. आम्ही अहिराणीत काही बोललो की ती थांबवून अर्थ विचारायची, आणि मी वैतागायचे. तिसरे आमचे चाचा. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. निम्म्या गावाची दारं त्यांच्या हातची. पण नजर मंदावली, तयार फर्निचर आलं आणि त्यांनी दुकान बंद केलं.

चाचांची मुलगी सुरतेत असते. ती त्यांना कायमचं न्यायला शनिवारीच येणार होती. त्यांनी तिला सांगून ठेवलं होतं, दिवा पास झाला तर माझ्या हाताला काम आहे, मी इथंच राहीन. नाही झाला तर मुकाट्यानं गाडीत बसेन. मला एकदाच म्हणाले, "सुरतले जाईसन काय करू? पलंगवर बशीसन भित देखू?" पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. मी म्हटलं, चाचा, मी आहे ना, होणारच पास.

दिव्याची रचना सोपी होती. खाली गोल बैठक, तिच्यात आठ खाचा, खाचांत आठ उभ्या पट्ट्या आणि मधे बल्ब. पट्ट्यांवर नक्षी कसली, यावर मी आणि मशीनवाली दोन दिवस भांडलो. मला केळीचं पान हवं होतं, तिला घाटातली वळणं. चाचा म्हणाले, आधी उभा तर राहू द्या त्याला. शेवटी वळणंच ठरली, कारण ती खरोखर जास्त चांगली दिसत होती. हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

पण पट्ट्या खाचांत डुगडुगत होत्या. प्लाय सहा मिलिमीटरचं, खाचही सहाची, पण लेझर कापताना थोडं लाकूड जाळून टाकतो आणि खाच सैल होते. चाचांनी बोटानं पट्टी हलवून बघितली आणि म्हणाले, "खाच पाव सूत कमी कर."

सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढं मला येतं. त्याचा पाव म्हणजे पॉइंट आठ मिलिमीटर. मशीनवाली काहीतरी विचारायला आली होती. मी म्हटलं, आता अर्थबिर्थ विचारू नकोस, लाव. बैठक कापून झाली. पट्टी आत जाईना. मी लाकडी हातोडीनं ठोकली. पुन्हा ठोकली. बैठक मधोमध फाटली. चांगल्या प्लायचा एकच तुकडा उरला होता, एका बैठकीपुरता.

चाचा खाली बसले. "मन्हंच चुकनं," म्हणाले. हातानं काम करताना ते खाच नेहमी पाव सूत लहान ठेवायचे आणि मग कानशीनं घासून घासून बसवायचे. चाळीस वर्षांची सवय तोंडातून निघून गेली. मशीननं कापलेल्या खाचेला कानस कोण मारत बसणार? चूक माझीच होती, ठोकलं मी होतं. चहा सांगते म्हणून बाहेर निघून गेले आणि रस्त्यावर उभी राहून रडले. खोटं कशाला सांगू?

परत आले तर मशीन चालू, आत तो शेवटचा तुकडा. माझं डोकंच फिरलं. "कोणाला विचारून लावलंस?" तिनं बैठक काढली, पट्टी घेतली आणि अंगठ्यानं दाबली. पट्टी घट्ट बसली. दुसरी बसली. आठही बसल्या. चाचांनी दिवा उचलून उलटा धरला, झटकला. एक पट्टी हलली नाही.

"किती कमी केलंस?"

"पाव सूत."

तिनं चाचांची लाकडावर रेघ मारायची दोरी पुढे केली. ती चार पदरांची. तिनं पीळ उलगडून एक पदर वेगळा काढला होता आणि व्हर्नियरच्या मोजपट्टीनं मोजला होता. पॉइंट दोन मिलिमीटर. शुद्ध मराठीत म्हणाली, "सूत म्हणजे दोराच ना, ताई? मगाशी हेच विचारायला आले होते."

मला हसू फुटलं. चाचांनी हात वर केला. "हसू नको. बसी गयं ना?"

शनिवारी गुरुजी आले. त्यांनी दिवा हलवला, वरून दाबला, खाली पुस्तक धरून दोन ओळी वाचल्या आणि म्हणाले, "पंचवीस करा." चाचांची मुलगी दारातच उभी होती. बाहेर गाडी चालूच ठेवलेली. तिनं आत येऊन दिव्याला हात लावला.

"अब्बा, ये आपने बनाया?"

"तीनों ने बनाया," चाचा म्हणाले. चाळीस वर्षांत एका दाराचं श्रेय त्यांनी कोणाशी वाटून घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं.

तिनं बाहेर जाऊन ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितली, परत आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "दोपहर में एक घंटा सुला देना इनको. नहीं तो शाम को हाथ काँपते हैं. खुद नहीं बोलेंगे."

चाचांचे हात कापतात, हे मला माहीतच नव्हतं. मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. पण तिला म्हटलं, "हो, बेन. झोपवेन."