बगळ्यावरच्या राणीचा हात

गलाईच्या धंद्यात मामाने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "नक्षीकडे बघायचं नाही. बघितलीस की हात थांबतो."

मी खानापूर तालुक्यातला. चौथीनंतर शाळा सुटली आणि मामाने दिल्लीला करोल बागेत आणलं. तिथे आमची सोनं गाळायची भट्टी. सराफ मोडीचे दागिने आणून द्यायचे, मी ते मुशीत टाकायचो, वर मळ सुटायला टाकणखार मारायचा, पाणी झालं की लगड ओतून परत द्यायची. मोर, कमळं, लक्ष्म्या, कुणाच्या आजीचे तोडे, सगळ्याचं पाणी सारखंच दिसतं. चाळीस वर्षं मी नक्षी बघितली नाही. गिऱ्हाइकाला वजन गुंजभरही कमी द्यायचं नाही, एवढाच आमचा धर्म, आणि तो मी पाळला. त्या बाबतीत माझ्याकडे बोट दाखवणारा अजून जन्माला यायचाय.

मग मुलाला गुडगावात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागली. भट्टी पुतण्याच्या हवाली करून आम्ही नवराबायको मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. गॅलरीच्या एका बाजूला मोहरीचं शेत आणि दुसऱ्या बाजूला काचेची इमारत. शेत रोज थोडं कमी व्हायचं आणि इमारत रोज थोडी चढायची. तेव्हा सगळंच नवीन येत होतं. नवीन गाड्या, नवीन साबण, नवीन चॅनेल. मी कशालाच मान वर करून बघत नव्हतो.

आणि हा माझा मुलगा, तीस वर्षांचा घोडा, बाहुल्या खेळायचा.

बाहुल्या म्हणजे दोन बोटं उंचीचे धातूचे सैनिक. ते विलायतेहून कोरे यायचे, आणि हे लोक त्यांना बारीक ब्रशाने रंग द्यायचे. त्याच्या कंपनीतले चौघं जण होते, प्रत्येकाची वेगळी फौज. एकाची हाडांच्या सांगाड्यांची, एकाची बुटक्या खाणवाल्यांची. रविवारी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडायच्या, टेप लावून अंतर मोजायचं, फासे टाकायचे. मेलेला सैनिक टेबलावरून उचलायचा. मी माझी खुर्ची घेऊन गॅलरीत जायचो.

"पोरगी बघायला जायचं तर याला वेळ नाही," मी हिला म्हणायचो.

"अहो, दारू पितो का? जुगार खेळतो का? मग गप बसा की," ही म्हणायची.

त्या वर्षी एक नवीन फौज निघणार होती. त्यांच्या खेळाच्या मासिकात तिची चित्रं आली आणि घरात दुसरा विषय राहिला नाही. दलदलीत राहणारी माणसं, भल्यामोठ्या बगळ्यांवर बसून लढणारी. त्यांची एक म्हातारी राणी. जेवताना मुलगा आईला वाचून दाखवायचा, ही फौज पाण्यातून कशी चालते, धुक्यात कशी लपते. ही पोळी वाढता वाढता विचारायची, "आणि बगळे मासे खातात का रे मधेच?" तो हसायचा नाही. खरंच विचार करायचा.

त्याचा एक दोस्त कंपनीच्या कामाला विलायतेत होता. फौज निघायच्या दिवशी तो म्हणे दुकान उघडायच्या आधीपासून रांगेत उभा होता. थंडीत, मोठी माणसं, बाहुल्यांसाठी रांगेत! दुपारी त्याचा फोन आला आणि मुलगा असा ओरडला, "मिळाली! आई, मिळाली!", की समोरची सरदारीण दार उघडून म्हणाली, "मुबारक होवे जी, लड़का के लड़की?"

महिन्याने खोका घरी आला. मुलाने वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक तुकडा त्यावर मांडला. पाय वेगळे, पंख वेगळे, फक्त म्हातारी राणी तिच्या बगळ्यासकट एकसंध ओतलेली. मी काहीतरी टोचून बोलायला म्हणूनच राणी उचलली. खिशात माझं जुनं भिंग असायचं, ते डोळ्याला लावलं.

मग खुर्ची उजेडाकडे ओढली.

तुरीच्या दाण्याएवढं तोंड. त्यावर सुरकुत्या होत्या, आणि त्या सारख्या नव्हत्या, डाव्या गालावर जास्त. कुशीवर झोपणाऱ्या बाईला पडतात तशा. एक पापणी जरा खाली आलेली. मानेची कातडी सैल. बगळ्याच्या पायावर खवले, ते गुडघ्याशी बारीक होत गेलेले. राणीच्या उजव्या मुठीत बोरूसारखी काठी, बोटांना नखं, आणि करंगळीत अंगठी. त्या अंगठीत खडा होता. मी भिंग पुसून परत बघितलं. खडा होता.

हे कुणीतरी बसून कोरलं असेल. असं कोरणाऱ्यांचं काम माझ्या हाताखालून किती गेलं असेल, आणि मी ते मुशीत टाकताना कधी बघितलं नाही. त्या दिवशी जेवणात मीठ होतं की नव्हतं ते मला कळलं नाही.

राणीची काठी मात्र प्रवासात मुठीच्या वर मोडून तिचा तुकडा सुटा झाला होता. आणि रविवारी नव्या फौजेची पहिली लढाई होती. वर्षभर त्याने त्या रविवाराची वाट बघितली होती.

"गोंद लावीन मी," मुलगा म्हणाला.

"गोंद? अशा कामाला गोंद? धातूचा डाख देऊन जोड."

"आबा, प्लीज. तुम्ही हात लावू नका हं."

मला हात लावू नका! ज्याच्या हातावर अर्धा करोल बाग डोळे मिटून सोनं ठेवायचा त्याला!

गुरुवारी तो ऑफिसला गेला आणि मी पेटीतून फुंकणी आणि दिवा काढला. राणी हातावर तोलली. जड लागली. शिसंही जड असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण शिशात असली पापणी? माझ्या मनाने घेतलं की यात चांदी आहे, ज्योत सोसेल. चाळीस वर्षं मी आधी धातू ओळखला आणि नक्षी बघितली नाही. त्या दिवशी नक्षी बघितली आणि धातू ओळखायचा राहिला. कसोटीचा दगड त्याच पेटीत होता.

ज्योत नुसती लागली. काठी गेली, अंगठी गेली, बोटं गेली, कोपरापर्यंत हात गेला. पाटावर एक चकचकीत मणी पडला.

मी तो मणी कागदाच्या पुडीत बांधला. ती सवय. मग मासिक पिशवीत टाकलं, राणी रुमालात गुंडाळली आणि बस बदलत करोल बाग गाठलं. आमच्या भट्टीच्या वर एक बंगाली कारागीर बसायचा. तीस वर्षांची ओळख. त्याच्या हाताचं काम भल्याभल्यांच्या गळ्यात गेलेलं.

"ओ मराठा!" तो म्हणाला. "तुम तो गलानेवाले. बनवाने कब से आने लगे?"

मी रुमाल सोडला. त्याने राणी डोळ्याजवळ नेली आणि त्याची चेष्टा थांबली. त्याने बाकीच्या कारागिरांना हाक मारली. सगळे आपापला दिवा सोडून आले. राणी या हातातून त्या हातात गेली. बगळ्याच्या पायाशी येऊन प्रत्येक जण थांबायचा.

"किसने बनाया?"

"पता नहीं. विलायत में कोई है."

त्याने मासिकातलं चित्र बघितलं, मग तो थोटा हात, मग मला. "लाठी बना दूँगा, चाँदी की. उँगलियाँ मेरे से नहीं होंगी."

त्याच्या तोंडून 'नहीं होगा' मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी मुलगा आला. मी टेबलावर राणी ठेवली, चांदीची काठी ठेवली आणि पुडी उघडून मणी ठेवला.

"हात माझ्याकडून वितळला," मी म्हटलं. "पण वजन पुरं आहे. बघून घे."

त्याने राणी उचलून थोट्या कोपरावरून बोट फिरवलं. त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "आबा, वजनाचं मी काय करू?"

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. वजन पुरं दिलं की माझं काम संपायचं आणि मी मान ताठ ठेवून दिवा विझवायचो. आता त्या मण्याकडे मला बघवेना.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

हिने स्वयंपाकघरातून कालथा हातात घेऊनच डोकं बाहेर काढलं. घरात हे कोण बोललं ते बघायला.

शुक्रवारी आणि शनिवारी मुलगा माझ्याशी कामापुरतं बोलला. पण शनिवारी मी बघितलं, त्याने कोपराच्या टोकाला बारीक भोक पाडलं आणि चांदीची काठी तिथेच बसवली, हाताच्या जागी. बाकी सगळी राणी रंगवली, काठी तशीच ठेवली.

रविवारी दोस्त आले. सांगाड्यांवाला पंजाबी खाली वाकून बघायला लागला. "यार, इसका हाथ कहाँ गया? फोटो में तो था!"

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी गॅलरीत गेलो नव्हतो.

"मैंने गला दिया," मी म्हणालो. "सोना गलाता था. आदत है."

तो परत वाकला. "लाठी मस्त है, अंकल."

मग धुकं म्हणून कापूस पसरला आणि बगळे निघाले. टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ती फौज उभी राहिली तेव्हा मी खुर्चीतून उठलो आणि मग उभाच राहिलो. एवढीशी माणसं, आणि प्रत्येकाचं तोंड वेगळं. मी भिंग लावून वाकलो की पोरं फासे धरून थांबायची.

राणी बराच वेळ टिकली. शेवटी सांगाड्यांचे फासे वाईट पडले. नियम नियमच. मेली की टेबलावरून उचलायची.

मुलाने तिला बगळ्यासकट उचललं. ठेवायला खोका शेजारीच होता. पण त्याने ती माझ्यापुढे धरली.

"आबा, धरा जरा."

मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.