गळ्यात बांधलेला हात

जयनगरचं घर सोडलं त्या दिवशी माझा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात बांधलेला होता. सॅक डाव्या खांद्यावर. आईनं चिवड्याचा डबा दिला आणि म्हणाली, "स्वल्प दिवस राहा. राग उतरला की ये." अण्णा, माझा थोरला भाऊ, पेपर वाचत बसला होता. त्याच्या कपाळावर पट्टी होती आणि पट्टीखालचे टाके माझ्यामुळे पडलेले. मार्केटातून शहराबाहेरच्या देवनहळ्ळीची बस धरली.

जयनगरात राहिलेल्यांनो, 'वसू डोंगराच्या नादानं पळाली' असं तुम्ही सांगता म्हणे. पळाले कुठली? मार खाऊन आणि मार देऊन गेले.

बाबा गेल्यावर अण्णानंच खेटे घालून मला विमा कंपनीत चिकटवलं होतं. नव्वदनंतरचे दिवस. शहरात रोज नवं ऑफिस उघडत होतं, पण पक्की नोकरी सोडणारी मुलगी म्हणजे डोकं फिरलेली. एका मैत्रिणीबरोबर मी रविवारी देवनहळ्ळीच्या पुढचे खडक चढायला गेले आणि संपलंच. तापलेला दगड बोटांची सालं काढायचा. दोरावर लोंबकळताना जेवढं जिवंत वाटायचं, तेवढं टायपरायटरपुढे कधी वाटलं नाही. चढाई शिकवायची, उन्हाळ्यात लोकांना हिमालयात न्यायचं, असं ठरवून एका शनिवारी राजीनामा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एका पायावर उभी राहून बूट चढवता चढवता सांगून टाकलं. उजवा हात आधाराला चौकटीवर होता. अण्णा भडकला. "परक्या बाप्यांबरोबर डोंगर हिंडणार आणि आम्ही लोकांना काय सांगायचं? हिला करून कोण घेणार?" मी म्हटलं, "कुणी नको करून घ्यायला." त्यानं माझ्या हाताकडे बघितलं. नीट बघितलं, ते मी पाहिलंय. "सरी, बरं तर, आता चढ," म्हणाला आणि दोन्ही हातांनी दार आपटलं.

हाडं मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. किंचाळत मी डाव्या हातातला बूट त्याच्या कपाळावर हाणला, पुन्हा हाणला. आई मध्ये पडली नसती तर थांबले नसते. मग एकाच रिक्षातून आम्ही डॉक्टरकडे गेलो. आई मध्ये, अण्णाचं रक्त तिच्या पदरावर. "वाऱ्यानं दार लागलं," तिनं डॉक्टरला सांगितलं. "आणि हा धावत आला तो पायरीवर पडला." डॉक्टर म्हणाले, लिहिण्यापुरती बोटं चालतील, वजन पेलायचं विसरा.

एवढंच राहिलं होतं. बोटं गेली तर मी ना ऑफिसची ना डोंगराची.

देवनहळ्ळीला द्राक्षबागेशेजारी गौरम्माकडे भाड्यानं खोली मिळाली. प्लास्टर निघाल्यावर रोज सकाळी तिच्या अंगणातल्या दगडी कुंपणाला बोटं अडकवायची आणि अंग सोडून द्यायचं. घामानं निथळायचे, शिव्या द्यायचे, बहुतेक अण्णाला. गौरम्मा गोठ्यातून ओरडायची, "बेडा, अक्का, नको!" हात सुजायचा, उतरायचा, पुन्हा सुजायचा. एक बोट कायमचं वाकडं राहिलं. पण पुढल्या थंडीत त्याच हातानं मी खडकावर लोंबकळले आणि वर जाऊन ढसाढसा रडले. आता शाळेची मुलं माझ्या दोरावर चढतात. जयनगरात दारात भाजी, कोपऱ्यावर गरम डोसा; इथे तोंडात धूळ आणि चुकली तर तासभर बस नाही. पण सकाळी उठून कुणाचा चेहरा बघावा लागत नाही.

त्या थंडीनंतरच्या भाऊबीजेला आई अण्णाला घेऊन आली. त्यानं साडी आणली होती. पाटावर बसत म्हणाला, "हात बरा झाला की तुझा." आणि लगेच, "परत ये. ऑफिसात मी बोलून ठेवलंय." बस. दाराबद्दल एक शब्द नाही. आईनं तबकातलं निरांजन लावलं. "झालं गेलं सोड, वसू. ओवाळ."

मी तबक उजव्या हातात घेतलं. त्याच्या अंगावर फेकावं असं खरंच वाटलं. त्याच्यासमोरून तशीच अंगणात गेले. पश्चिमेला बीजेची कोर होती. तिला ओवाळलं.

आई मागोमाग आली. "भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात गं. तुझा भाऊ जिवंत आहे."

"असू दे," मी म्हटलं. "त्याच्या घरी असू दे."

अण्णानं ऐकलं. चपला घालून बसकडे चालू लागला, साडी तिथेच टाकून. आई फाटकापाशी उभी राहिली, एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत. मी तिला थांब म्हटलं नाही. तिचं घर तिनं ठरवायचं. ती त्याच्यामागे गेली. मी आत येऊन तिच्यासाठी वाढलेलं ताट पुढे ओढलं आणि एकटीनं पोटभर जेवले.