मास्तरांची बदली

आमच्या अलोनाकीचं स्टेशन गावात नाहीच. रूळ टाकायला माणसं आली तेव्हा इंजिनाच्या ठिणग्यांनी खळी पेटतील म्हणून गावच्या म्हाताऱ्यांनी हटून बसून विरोध केला. मग रूळ तासाभराच्या वाटेवर, खाली कापसाच्या रानात गेले. तिथं एक दुमजली दगडी घर, दोन तुतीची झाडं आणि पाण्याचा पंप. खाली तिकिटाची खिडकी, पार्सलचा काटा, शेगडीची खोली. वर मास्तरांचं बिऱ्हाड.

अनेस्तिस कझान्झोग्लू मास्तर म्हणून आले तेव्हा मी सात वर्षांची होते. ते समुद्रकाठच्या वोलोस शहरातले, निर्वासितांच्या वस्तीत वाढलेले. सोबत नवी नवरी होती, एव्लाम्बियाकाकू. काकू शिवणकाम करायच्या, पण रानात कपडे शिवायला येणार कोण? त्या हिवाळ्यात तीन आठवडे धुकं हललं नाही. माझ्या आईला त्या म्हणाल्या, "गाडी येते तेव्हा चार मिनिटं माणसं दिसतात. मग पुन्हा कापूस."

दुसऱ्या हिवाळ्यात त्या वोलोसला आईकडे राहायला गेल्या. भांडण झालं नव्हतं. दर शनिवारी दुपारच्या गाडीनं यायच्या, कागदात गुंडाळलेली मासळी घेऊन. रविवारी पाचच्या गाडीनं परत. आईचं चीज वोलोसच्या एका दुकानात जायचं. तो डबा गाढवावर घालून रविवारी खाली पोचवायचं काम माझं. त्यामुळे मी दर वेळी तिथं असायचे. काकू खिडकीपाशी बसायच्या. मास्तर टोपी नीट करून डबे बघत पुढपर्यंत जायचे, दारं लावायचे, परत येऊन ताठ उभे राहायचे आणि शिट्टी वाजवायचे. शिट्टी वाजवताना त्यांनी त्या खिडकीकडे पाहिलेलं मला आठवत नाही.

एकदा ड्रायव्हर ओरडला, "अहो मास्तर, एखाद्या रविवारी विसरा की शिट्टी! मी नाही सांगत कुणाला!"

सगळे हसले, मास्तरही हसले. गाडी वेळेवर सुटली.

अशी सात वर्षं गेली आणि बदली आली. वोलोसच्या मालधक्क्यावर, काकूंच्या घरापासून दहा मिनिटांवर. मास्तर पहिल्यांदाच संध्याकाळी चढण चढून गावात आले, कॉफीच्या दुकानात सगळ्यांना एकेक पेला पाजला. पण दोनच दिवसांत कळलं की त्यांच्या जागी नवा माणूस येणार नाही. स्टेशन बिनमाणसाचं होणार. पार्सल बंद, आणि सकाळची गाडी न थांबता जाणार. गावची एकतीस पोरं त्या गाडीनं कार्दित्साला शाळेत जायची. त्यात मीही होते.

बाबा तेव्हा गावप्रमुख होते. ते चार माणसं आणि मला घेऊन खाली गेले.

"मास्तर, दोन वर्षं थांबा," बाबा म्हणाले. "फक्त दोन. तोवर अर्ज करून आम्ही दुसरा माणूस आणतो. शब्द देतो."

"आणि घरी काय सांगू?"

"सांगा की लेकरांच्या शाळेचा प्रश्न आहे. वहिनी समजूतदार आहेत."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काय म्हणतेस, तासुला?"

मी सोळा वर्षांची होते, मला शिक्षिका व्हायचं होतं. मी म्हटलं, "थांबा ना, मास्तर."

त्याच आठवड्यात त्यांनी बदलीला नकार लिहून पाठवला.

शनिवारी काकू आल्या. आई कोंबडीच्या पिल्लांचं पार्सल घ्यायला गेली होती, ती जिन्याखालीच थबकली. वरती आरडाओरडा नव्हता. काकूंचा आवाज तेवढा आला, "टेबलावर फोन होता ना तुझ्या? आमच्या खालच्या किराणावाल्याकडे केला असतास. मी दुकानात येऊन बोलले असते."

मास्तर काय म्हणाले ते आईला ऐकू आलं नाही.

त्यानंतर काकूंचे शनिवार विरळ होत गेले. शेवटी ईस्टरला आणि मास्तरांच्या नावाच्या संताच्या सणाला, एवढंच. आणि आमचं म्हणाल तर बाबांनी अर्ज केला नाही. कुणीच केला नाही. गावापर्यंत डांबरी सडक आली, शाळेची बस थेट चौकातून सुटू लागली. मी शिक्षिका झाले आणि तिसऱ्या वर्षी लहानशी गाडी घेतली. मास्तर मात्र साडेपाचला शेगडी पेटवून ठेवायचे. कित्येक दिवस एकही तिकीट फाटत नसे.

काकू मार्चमध्ये गेल्या, हृदयविकारानं. निरोप त्याच फोनवर आला. मास्तरांना स्टेशन सोडता येईना. कार्दित्साहून बदली माणूस पोचायला दुसरा दिवस उजाडला. ते वोलोसला उतरले तोवर माती देऊन झाली होती. चाळिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेला गावातून तिघं गेली. मी गेले नाही. परीक्षेचे पेपर तपासत होते.

पुढे ते निवृत्त झाले. नवी रुंद लाइन पडली तेव्हा आमचं स्टेशन वगळलं गेलं. वरच्या खोल्या मात्र त्यांना राहू दिल्या. दर पंधरा दिवसांनी मी पालक भरलेली खारी नाहीतर दूध-गव्हाच्या त्राहानाचं सूप घेऊन जायचे.

"चौकात आमची खोली रिकामी आहे. या ना वर गावात," मी म्हणायचे.

"पोरी, तेव्हा वर राहिलो नाही, आता येऊन कुणाशी बोलू?"

एका ऑक्टोबरात शाळेच्या संचलनाच्या तयारीत माझे तीन आठवडे निघून गेले. मग गेले तर दाराला कुलूप. कुंड्या वाळलेल्या. कॉफीच्या दुकानात विचारलं. "मास्तर? असतील की खाली," एवढंच मिळालं. शेवटी शेजारच्या गावचा टॅक्सीवाला म्हणाला, "त्यांना बसस्थानकावर सोडलं मी. दोन बॅगा होत्या. एकोणीस दिवस झाले की."

मी वोलोसच्या घरचा नंबर मिळवला. त्यांनीच उचलला.

"मास्तर! न सांगता गेलात?"

"सांगणार होतो. कुणाला सांगायचं ते सुचेना."

"बरे आहात ना?"

"आहे. तिचं शिवणयंत्र गंजलं होतं, तेल घातलं. इथं माणसं खूप आहेत गं. जिन्यात भेटतात, नमस्कार करतात. कुणालाच ओळखत नाही मी."

मला राहवलं नाही. "मास्तर, त्या दिवशी मी जे बोलले..."

"तू सोळा वर्षांची होतीस," ते म्हणाले. "मी चाळिशीला आलो होतो."

दोन हिवाळे ते तिथं राहिले. मी तीनदा जाऊन आले. दर वेळी कॉफी करायचे, समोर बसायचे, आणि गावातल्या कुणाचंही काही विचारायचे नाहीत. फेब्रुवारीत शेजारणीचा फोन आला, मास्तर गेले. तिथं कबर थोड्या वर्षांपुरतीच मिळते; काकूंची जागा केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती, म्हणून मास्तरांना भिंतीकडेला पुरलं. पाद्री धरून आम्ही सहा जण होतो. पाऊस होता, कुणी फार थांबलं नाही.