सुमेरशेठचं नाक

शहाद्याच्या आमच्या गल्लीत सुमेरमल म्हणजे फोटोवाले शेठ. भावांनी कापडाची दुकानं थाटली, यांनी घराच्या मागच्या खोलीत अंधार करून स्टुडिओ थाटला. काळेपांढरे फोटो तपकिरी करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता. तळोद्यापासून ब्राह्मणपुरीपर्यंत कित्येकांचे आजे-पणजे त्यांच्या हातून तपकिरी झालेत आणि अजून भिंतीवर टिकून आहेत.

काम दोन ट्रेंचं. पहिल्यात फोटो पुसट होत होत जवळजवळ कोरा होतो. दुसऱ्यात, टोनरमध्ये, तो तपकिरी होऊन परत येतो आणि मग लवकर विटत नाही. पण टोनरला वास सडक्या अंड्यांचा! जैनाचं घर, कांदासुद्धा वर्ज्य, आणि मागच्या खोलीतून हा दरवळ. शेठाणी पानीबाई स्वयंपाकघरातून कडाडायच्या. घरात मारवाडी बोलायच्या, पण भांडायच्या अहिराणीत. गल्लीला कळलं नाही तर भांडणाला काय चव?

"अंडा उकाळी ऱ्हायनात का? हाई जैनसनं घर शे!"

"हां, उकाळी ऱ्हायनू. एक तुन्हासाठी ठेवसू!" शेठ आतून म्हणायचे.

मी शेजारी भाईदास. पंचेचाळीस वर्षं हे भांडण फुकटात ऐकलं.

करोनात शेठना वास येणं बंद झालं ते कायमचं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. टोनर जिवंत की मेलेला हे हुंगून ओळखणारा माणूस, सांगणार कुठल्या तोंडाने? अडलंही नाही म्हणा. पानीबाई ओरडल्या की टोनर ठीक, एवढं त्यांना पुरे होतं.

गेल्या साली पानीबाई गेल्या. मुलगा अभिनंदनने कॉम्प्युटरवर त्यांचा मोठा फोटो करून आणला. ओठ गुलाबी, सुरकुती एक नाही. "ही कोण?" शेठ म्हणाले. त्यांना हवा होता तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वतः काढलेला, हसणारा. त्याची निगेटिव्ह बुरशीने खाल्लेली, आणि होता तो एकुलता एक फोटोही कडेने पिवळा पडत चाललेला. अख्ख्या जिल्ह्याचे टिकवले, घरचा तेवढा राहिला. "मला त्या अंड्यात बुडवायचं नाही," असं पानीबाईंनीच बजावलं होतं.

परवा दुपारी शेठनी दार लावून घेतलं आणि फोटो पहिल्या ट्रेमध्ये सोडला. पानीबाई पुसल्या गेल्या. दुसऱ्या ट्रेमध्ये जुन्या बाटलीतला टोनर ओतला आणि सवयीने थांबले. ओरडा आलाच नाही. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की ओरडणारी तर आपल्या हातातल्या कोऱ्या कागदावर आहे. टोनर विटलेला असला तर उरलीसुरली खूणही धुऊन नेणार. कागद धरून ते नुसते उभे राहिले. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

एवढ्यात सून फाल्गुनी, सासूसमोर कधी आवाज न चढवलेली, स्वयंपाकघरातून कडाडली, "पप्पाजी! अंडा उकाळी ऱ्हायनात का? हाई जैनसनं घर शे!"

शेठनी कागद बुडवला. आधी डोळे आले, मग नथ, मग हसू.

"हां, उकाळी ऱ्हायनू," शेठ म्हणाले. पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही.