पुण्याची जागा आणि माझे दोन निरोप

हे घरात कुणाला माहीत नाही. ऑफिसात तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ रेटत नाही.

अमरावतीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या छोट्या शाखेत मी टीम लीड आहे. कडक आहे. उशीर, रडारड, लाडीगोडी चालत नाही. पण मुलींना पुढे आणणारी बाई म्हणून माझं नाव आहे. त्या नावाबद्दलच बोलायचं आहे मला.

सुषमा पातूरची. घरचा भाजीचा मळा, आठवडी बाजारात दुकान. बीएस्सी करून आमच्याकडे डेटा एन्ट्रीला लागली, आणि दोन वर्षांत स्वतःच शिकून चुका शोधणारे प्रोग्राम लिहायला लागली. आमचं तीन दिवसांचं काम एका दुपारवर आलं. मी ते वरिष्ठांना 'आमच्या टीमचं' म्हणून दाखवलं. पण तेवढंच असतं तर आज लिहायला बसले नसते.

पुण्याच्या टीमने तिला मागितलं. डेव्हलपर म्हणून. व्हिडिओवर मुलाखत झाली, त्यांना ती आवडली. आता फक्त मी तिला सोडायचं होतं — दोन ओळींचा मेल. त्याच वर्षी माझ्या बढतीचं घाटत होतं. आणि सुषमा गेली तर माझ्या टीममध्ये उरत काय होतं?

मी पुण्याला कळवलं : घरच्या अडचणींमुळे ती स्वतःच यायला तयार नाही.

आणि तिला सांगितलं, त्यांना डिग्रीवालेच हवेत. इंजिनिअर, नाहीतर एमसीए.

"काहून वो ताई? तवा तर कोणी इचारलं नाई."

मी म्हटलं, नियम आहे.

ती हसली. "बाबा म्हणतेच — वांगे तोलता येत नाई, अन् चालली कम्प्यूटरवाली व्हाले!"

असा नियम नव्हता. कधीच नव्हता.

तिने एमसीएला नाव घातलं. रविवारी पहाटेची बस धरून अकोल्याला वर्गाला, संध्याकाळी परत. एक चांगलं स्थळ आलं होतं, ते थांबलं नाही. परीक्षेसाठी मी तिच्या रजा मंजूर करत होते, आणि ती सगळ्यांना सांगत होती, ताई नसत्या तर हे जमलंच नसतं. मी ते ऐकून घेत होते. बढती तर केव्हाच मिळाली होती.

ती पास झाली, पेढे घेऊन आली. तोवर पुण्याची ती टीमच बंद झालेली. ती अजून माझ्याच हाताखाली आहे. तिच्या मनात राग नाही — कुणावर धरणार?

मागच्या आठवड्यात डबा खाताना धारणीहून आलेली नवी मुलगी म्हणाली, तिला पुढच्या वर्षी पुण्याच्या नव्या टीमसाठी अर्ज करायचा आहे. हुशार आहे, आजही तिला घेतील.

सुषमा म्हणाली, "पहिले डिगरी कर बाई. त्याच्याबिगर घेतच नाईत ते. ताईले इचार."

दोघी माझ्याकडे पाहत होत्या. एवढंच म्हणायचं होतं — तसं काही नाही, तू अर्ज कर.

मी म्हटलं, "हो. डिग्री लागते."